डावा हात

कपड्यांचा चिमटा मोडला. उन्हाने ठिसूळ झालेला निळा प्लास्टिकचा चिमटा. मनूचा शाळेचा फ्रॉक तारेवर अडकवताना प्रतिमाने तो जरासा जास्त दाबला आणि टक् करून त्याचे दोन तुकडे झाले. आवाज तो केवढासा. पण दुपारचे सव्वादोन वाजले होते, मनू आतल्या खोलीत झोपली होती, वॉशिंग मशीन नुकतंच थांबलं होतं, आणि सहाव्या मजल्यावरच्या त्या कपडे धुण्याच्या युटिलिटीत एवढी सामसूम होती की तो आवाज स्वच्छ, सुटा ऐकू आला. ओला फ्रॉक हातात धरून ती तशीच उभी राहिली. असला आवाज तिने आयुष्यात दोनदा ऐकला होता. दोन्ही वेळा तो माणसाच्या कोपरातून आला होता, आणि दोन्ही वेळा ते कोपर तिच्या मांड्यांमध्ये धरलेलं होतं.

आत जेवणाच्या टेबलावर मनूच्या वहीतून फाडलेले दोन कागद पडले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर लोणच्याची बरणी ठेवली होती. चार वाजेपर्यंत त्या कागदांवर घडलेलं सगळं लिहून, फोटो काढून वकिलांना पाठवायचं होतं. तिच्यावरची केस रद्द करा असा अर्ज हायकोर्टात जाणार होता आणि त्याला तिचं शपथपत्र लागणार होतं. "तुझ्या भाषेत लिही अम्मा," शरच्चंद्र वकील म्हणाले होते, "ज्या भाषेत तुला ते आठवतं, त्या भाषेत. पुढचं इंग्रजी मी बघतो." हे सांगताना त्यांना वाटलं असेल की आपण हिचं काम सोपं करतोय. प्रतिमाने सकाळपासून एकच वाक्य लिहिलं होतं. मी खाली सही करणार शपथेवर लिहून देते की. त्या 'की'पाशी पेन जे थांबलं होतं ते थांबलंच होतं. मग तिने कपडे वाळत घातले, चहा करून तो प्यायची विसरली, मनूच्या कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढून ठेवलं. मूल झोपलं की बाईला जो तास-दीड तास मिळतो तो असाच हाताच्या पोकळीतून पाण्यासारखा जातो. पण आज तो जाऊ द्यावा असंच तिला वाटत होतं.

काय झालं ते तर सरळ होतं. सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. बारा दिवसांपूर्वी सकाळी आठला ती मनूला घेऊन गेटबाहेर शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. सर्जापूर रोडच्या त्या भागात उन्हाळा लागला की दर सकाळी पाण्याच्या टँकरांची रांग लागते. एक टँकर हॉर्न न देता मागे मागे आला आणि मनूच्या दप्तराला घासून थांबला. प्रतिमाने मनूला ओढलं आणि टँकरच्या पत्र्यावर थापा मारल्या. मागच्या पायरीवरून एक माणूस उतरला. चाळिशीचा, काटकुळा, चौकड्याची लुंगी गुडघ्यावर दुमडलेली, खांद्यावर ओला टॉवेल. त्याचं नाव आप्पाजी, हे तिला नंतर कळलं. शब्दाला शब्द वाढला. तिने नंबर प्लेटचा फोटो काढायला फोन वर केला, तशी त्याने तिचं मनगट धरून पिरगाळलं, आणि मध्ये आलेल्या मनूला दुसऱ्या हाताने बाजूला ढकललं. मनू फुटपाथच्या कडेवर बसकण मारून पडली. इथपर्यंत सगळं तिच्या डोळ्यांना आठवत होतं. त्याच्या पुढचं मात्र अंगाला आठवत होतं. पाय त्याच्या पोटरीमागे गेला, तो आडवा झाला, त्याचं मनगट तिच्या हातात राहिलं, आणि तिचं अंग आपणहून त्याच्या छातीवर आडवं पडून हात ताणून मोकळं झालं. आठ वर्षं ज्युदोच्या मॅटवर पाऊल ठेवलं नव्हतं. मनू झाल्यापासून जिना चढताना गुडघा कुरकुरत होता. पण अंगाने काही विचारलं नाही.

आणि मग ती वाट बघत राहिली. कशाची, हे या शहरात कोणाला सांगितलं असतं तर कळलं नसतं.

बेळगावात महांतेश सरांच्या ज्युदोच्या हॉलमध्ये तोंडाने 'सोड' म्हटलेलं चालत नसे. बाकी सगळीकडे चालतं, नियमातही आहे. पण सरांकडे तीसेक मुली होत्या, सगळ्या दहा ते सोळा वयाच्या, आणि त्या खिदळत, किंचाळत, कोणी नुसतं धरलं तरी "सोड ग, मेले ग" करत. सर वैतागले. एक दिवस त्यांनी सगळ्यांना भिंतीला टेकून उभं केलं आणि सांगितलं, "इथून पुढं तोंड बंद. तोंड खोटं बोलतं. हार मानायची तर मोकळ्या हातानं दोन थापा. थाप पडली की त्याच क्षणाला सोडायचं, उशीर केला तर माझ्याशी गाठ. आणि थाप पडत नाही तोवर कुणी कितीबी बोंबलू दे, सोडायचं नाही." तेव्हा प्रतिमा अकरा वर्षांची होती. त्या नियमात केवढा जिव्हाळा होता हे बाहेरच्याला कसं सांगावं. आपला हात मोडता येईल अशा बेतात दुसरीच्या हवाली करायचा आणि दोन थापांच्या भरवशावर निवांत असायचं. आणि ती दुसरीही आपलं सगळं लक्ष त्या मोकळ्या हातावर ठेवून असायची, आई तान्ह्या मुलाच्या श्वासावर ठेवते तसं. पुढे लग्न झालं, गुरुप्रसादसारखा भला नवरा मिळाला, शेजारपाजार मिळाला, पण आपल्या हातावर कोणी इतकं लक्ष ठेवून आहे असं तिला पुन्हा कधी वाटलं नाही. गर्दीच्या लिफ्टमध्ये, पालकसभेत, गुरुप्रसादच्या ऑफिसच्या पार्ट्यांत ती हसत उभी असे आणि तिला वाटे, इथे मी थाप मारली तर कोणाला कळणारसुद्धा नाही.

तर त्या सकाळी रस्त्यावर पडून ती आप्पाजीच्या डाव्या हाताकडे बघत होती. मोकळा होता तो हात. आणि तो थापा मारत नव्हता. तो कमरेला होता. पडताना लुंगीची गाठ सुटली होती, आणि गेटवर जमलेल्या बायका-पोरांसमोर आपण उघडे पडू नये म्हणून त्या माणसाने डाव्या मुठीत ती लुंगी गच्च आवळून धरली होती. उजवा हात मोडायच्या बेताला आला होता तरी डाव्याने ती सोडली नाही. तोंडाने तो ओरडत होता. "बिडी अक्का." हे तिला ऐकू येत होतं, कळतही होतं, बेळगावच्या मुलीला 'बिडी' म्हणजे सोडा हे कोणी शिकवावं लागत नाही. "बिडी." आणखी एकदा, "बिडी." आणि मग त्याच्या तोंडून एकदम निघालं, "सोडा बाई." मराठी. बंगळूरच्या रस्त्यावर, टँकरच्या चिखलात, त्या वेदनेच्या टोकाला त्या माणसाला त्याच्या घरची भाषा आठवली होती. त्या शब्दाने ती दचकली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. दचकली, आणि तरीही तिची नजर त्या डाव्या हातावरून हलली नाही. थाप पडली नव्हती. मग टक्.

रविवारी ती आणि गुरुप्रसाद राजाजीनगरला वकिलांकडे गेली होती. शरच्चंद्र वकिलांचं घर म्हणजे तीन पिढ्या तिथेच मुरलेलं मराठी घर. देवघरात कन्नड पंचांग, भिंतीवर आजोबांचा फेट्यातला फोटो, आणि बोलण्यात दोन्ही भाषांची सरमिसळ. गुरुप्रसादने बसल्या बसल्या विचारलं, "काका, ते ब्लॅक बेल्टवाल्यांना पोलिसात नाव रजिस्टर करावं लागतं म्हणतात, तसं काही नाही ना? हिने केलेलं नाहीये."

"ते सिनेमातलं," वकील म्हणाले. "कायद्याला बेल्ट दिसत नाही. कोर्टाला दिसतो." त्यांनी कॉफीचा पेला वाटीत उपडा करून पुन्हा भरला. "असं आहे बघ अम्मा. अंगावर आला, लेकराला ढकललं, तू त्याला पाडलंस, हौदु? हो ना? तो तुझा हक्क. त्याला कोणी बोट लावू शकत नाही. पण गरज तेवढंच. धोका संपला की हक्क संपला. आता साधी बाई असती तर म्हणता आलं असतं, घाबरली, हात चालला. समोरचा वकील उभा राहणार आणि म्हणणार, ही शिकलेली आहे, हिला घाबरायला वेळच कुठे मिळाला, हिला कुठे थांबायचं ते ठाऊक आहे. तिथे आपल्याला जपायचं. बाकी धोका कितव्या सेकंदाला संपला हे कोर्ट काही सोनाराचा काटा घेऊन तोलत नाही. तेवढं आपल्या बाजूचं आहे."

मग त्यांनी सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर लावलं. माणूस पडतो तिथपासून हात मोडतो तिथपर्यंत अकरा सेकंद. तिने ते पहिल्यांदाच बघितलं. वरून घेतलेलं, करडं, आणि मुकं. तिला वाटलं होतं की आपण एखाद्या जनावरासारख्या दिसू. पण पडद्यावर एक सलवार-कुडत्यातली बाई शांतपणे आडवी पडलेली होती, गवतावर पडून आभाळ बघावं तशी.

"आवाज नाही," वकील म्हणाले. "चांगलं आहे. आणि इथे बघ. डावा हात कमरेला गेला. का गेला?"

"लुंगी सुटली होती त्याची."

"हे तुला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक होतं? कमरेला चाकू असतो, काहीही असतं. मी खोटं लिही म्हणत नाही, अम्मा. तुला भीती वाटली असेल तर तेवढी लिही. नीट आठव, मग लिही. सरी?" आणि चष्मा काढून पुसता पुसता त्यांनी विचारलं, "तो काही म्हणत होता का? सोडा वगैरे?"

"काका, टँकरचं इंजिन चालू होतं," गुरुप्रसाद म्हणाला. "बाल्कनीचं डोअर उघडलं तरी कान बसतात. काय ऐकू येणार?"

वकिलांनी तिच्याकडे बघितलं. आणि पुन्हा विचारलं नाही. परतताना गाडीत गुरुप्रसादने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "रिलॅक्स. ओपन अँड शट आहे. तू फक्त शांतपणे लिही आणि सही कर. जूनमध्ये तुझी शाळा सुरू व्हायची आहे, त्याच्या आधी हे क्लिअर होऊन जाईल." शाळेतली ती नोकरी तिला सहा वर्षांनी मिळाली होती. खेळाच्या बाई. अंगावर गंभीर दुखापतीची केस असलेल्या बाईच्या हाती कोणी मुलं देणार नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक होती असंही तिला म्हणवत नव्हतं. गुरुप्रसादचं बोलणं तिच्या काळजीपोटीच होतं. फक्त त्याने एकदाही विचारलं नव्हतं, की तुला ऐकू आलं का.

कोणीच विचारलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी वाघिणीची चित्रं आली, हात जोडलेले आले, दंड फुगवलेले आले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची वेदिका भेटली. ती पुण्याची, सगळ्या उपक्रमांच्या पुढे. "प्रतिमा, यार, यू आर अ रॉकस्टार. ऐक ना, संडेला क्लब हाउसमध्ये आपण लेडीजसाठी एक सेशन ठेवू या? बेसिक, पाच-सहा मूव्ह्ज. आणि तो माणूस परत आला नाही ना?"

"त्याचा हात मोडलाय."

"गुड. शिकेल आता." लिफ्टचं दार उघडलं. "संडे फायनल हां."

फायनल. प्रतिमा लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघत वर गेली. पाच-सहा मूव्ह्ज ती कोणालाही दोन तासांत शिकवू शकली असती. सोडणं शिकवायला सरांना पाच वर्षं लागली होती, आणि त्यांनीही ते बहुधा अर्धवटच शिकवलं.

भागुबाई तिला पोलीस ठाण्यात भेटली होती. भेटली म्हणजे काय, बाकावर शेजारी बसली होती. आप्पाजीची बायको. मांडीवर स्टीलचा डबा, पायात दोन वेगळ्या चपला. बराच वेळ ती प्रतिमाच्या गुरुप्रसादशी चाललेल्या बोलण्याकडे कान देऊन होती. गुरुप्रसाद फोनवर बोलायला बाहेर गेला तशी म्हणाली, "तुमी आमच्याच की वो बाई. कुठल्या?"

"बेळगाव."

"आमी चिकोडीकडचं." जरा थांबून, जणू भाव विचारावा तशा साध्या आवाजात तिने विचारलं, "हाताला लवकर गुण येतोय का वो? तुमाला ठावं असंल म्हणून इचारते. टँकरचा पाइप वडायला दोनी हात लागत्यात त्यांना."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. प्रतिमाला खरंच ठाऊक होतं. सहा आठवडे हात गळ्यात, मग कोपर सरळ व्हायला दोन-तीन महिने, आणि थंडीत कायमचा ठणका. हे तिला ठाऊक होतं, कारण ते सगळं तिने जवळून बघितलेलं होतं. पण तिने "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हटलं, आणि भागुबाईने मान हलवून डबा दुसऱ्या मांडीवर घेतला.

पहिलं कोपर भाग्यलक्ष्मीचं होतं. खानापूरकडची भाग्या, होस्टेलवर तिच्या खोलीत राहणारी, एका ताटात जेवणारी. राज्याच्या संघाची निवड होती, एकाच वजनात एकच जागा, आणि शेवटची लढत या दोघींची. प्रतिमाने हात धरला, ताणला, आणि भाग्याच्या मोकळ्या तळव्याकडे बघत राहिली. तो मॅटवर उताणा पडला होता, झोपेतल्या बाळाच्या तळव्यासारखा. मार की थाप, मार की, असं ती मनात म्हणत राहिली, आणि भाग्याने शेवटपर्यंत थाप मारली नाही. सर नंतर म्हणाले, "थाप मारायला काय झालं होतं तिला?" सगळ्यांनी मान डोलावली. दोष तिचाच ठरला. निमूटपणे, दातांवर दात रोवून हात मोडू देणारी हट्टी भाग्या, असं ते चित्र प्रतिमाच्या मनात कायमचं बसलं. पुढचे सहा आठवडे तिने भाग्याची वेणी घातली. रोज सकाळी, खोबरेल लावून, दोन घट्ट वेण्या. भाग्या आरशात न बघता बसून राही. दोघींनी त्या लढतीबद्दल चकार शब्द काढला नाही; वर्षभराने भाग्या घरी गेली, तिचं लग्न झालं, आणि पंधरा वर्षं सणावाराच्या शुभेच्छांवर भागत आलं होतं.

परवा गुरुवारी, गुरुप्रसाद ऑफिसला आणि मनू शाळेत गेल्यावर, प्रतिमाने तिला फोन केला. आप्पाजीचं काही सांगितलं नाही. "भाग्या, एक विचारू? त्या दिवशी तू थाप का मारली नाहीस?"

पलीकडे मिक्सर चालू होता तो बंद झाला. "आज काय आठवलं ग तुला?"

"सांग ना."

"अग, हरून घरी गेले असते तर बाबांनी खेळ बंद केला असता. हात मोडून गेले तर निदान हरले असं कोण म्हणणार न्हवतं. पोरीची अक्कल." भाग्या हसली. "पण ओरडले की मी. तुझं नाव घेऊन ओरडले. सोड प्रतू, म्हटलं. दोनदा का तीनदा. सरांनाबी ऐकू गेलं असणार."

"तू ओरडली नव्हतीस."

"बरं बाई, न्हवते." आवाज जरा बदलला. मग ती पुन्हा हसली. "तुला कसं आठवंल? तू जिंकत होतीस. जाऊ दे, किती वर्षं झाली. पोरगी काय म्हणती?"

फोन ठेवल्यावर प्रतिमा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती आणि डोळे मिटून ती लढत पुन्हा पुन्हा बघत होती. मॅटचा कुबट वास आला, भाग्याच्या केसांतल्या तेलाचा वास आला, वरच्या पत्र्याची ऊब आली. आवाज आला नाही. ती लढतही कॅमेऱ्यातल्यासारखी मुकी होती. आणि भाग्या खोटं बोलत नव्हती, हे तिला हाडापर्यंत ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी तो आवाज काढून टाकला होता. सरांच्या एका वाक्याने, सगळ्यांच्या डोलावलेल्या मानांनी, आणि रोज सकाळी वेणी घालताना गप्प बसलेल्या तिने स्वतः, थोडा थोडा करून तो पुसला होता. आप्पाजीचा अजून शाबूत होता. बारा दिवस झाले होते. तिन्ही 'बिडी' आणि ते एक 'सोडा बाई' जसंच्या तसं होतं, चिरकलेलं, थुंकीसकट. आता टेबलावरच्या त्या कागदावर एक ओळ लिहायची. टँकरच्या आवाजात मला काही ऐकू आले नाही. तिच्याखाली सही करायची, शपथेवर. मग कोर्ट ते वाचेल, गुरुप्रसाद ते मानेल, आणि आणखी पंधरा वर्षांनी ते खरंच होऊन बसेल. तेव्हा कोणी फोन करून सांगितलं तर ती मनापासून म्हणेल, नाही, तो ओरडला नव्हता.

ओला फ्रॉक तिने दुसऱ्या चिमट्याने अडकवला आणि ती टेबलापाशी येऊन बसली. तीन वाजून गेले होते. पेन उचललं. तिच्यातल्या आईला लिहावंसं वाटलं की माझ्या मुलीला ढकललं. तेवढं तिने लिहिलं, आणि ते खरं होतं. मनगट पिरगाळले. खरं. मी त्याला खाली पाडले. खरं. नंतर अक्षर बारीक होत गेलं. त्याचा डावा हात कमरेकडे गेला. हेही खरंच, शब्द न् शब्द खरा. खऱ्या वाक्यांनी माणूस कुठवर जाऊ शकतो याचं तिला नवल वाटलं. मला वाटले की. पुन्हा एक 'की'. काय वाटलं होतं? भीती नव्हती वाटली. हेच तर कोणाला सांगता येत नव्हतं. मनू पडली त्या क्षणी भीती होती. आणि माणूस आडवा झाला, हात हातात आला, तशी कित्येक वर्षांत वाटली नव्हती एवढी स्वस्थता वाटली होती. घरी आल्यासारखी. काय करायचं, कुठे बघायचं, कशाची वाट बघायची, सगळं ठरलेलं. कायद्यात हे कुठल्या खान्यात बसतं? वकिलांना सांगितलं तर ते चष्मा पुसतील. गुरुप्रसादला सांगितलं तर तो घाबरेल, आणि मग रात्री झोपेत तिचा हात अंगावर पडला तर कदाचित जागा होईल. तिने लिहिलं, मला वाटले की त्याच्याकडे काही शस्त्र असावे. वाक्य कागदावर अगदी सभ्य दिसत होतं. खाली तिने आणखी एक ओळ घातली. टँकरच्या आवाजात मला काही. आणि फोन वाजला.

"झालं का ग?" गुरुप्रसाद. मागे कोणीतरी बोर्डावर मार्कर घासत होतं. "काकांचा मेसेज आलाय, त्यांचा टायपिस्ट पाचला निघतो."

"होतंय."

"गुड. आणि मनूला यात आणू नकोस हां, काकाही म्हणाले. तिला काही विचारायचं नाही, ती विसरून जाईल. लहान आहे."

"हो."

"बाकी ओके ना?"

"ओके."

मनूने बारा दिवसांत त्या सकाळचं नाव काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये नेहमीसारखी चढली, खिडकीतून हात हलवला. फक्त दोन-चार वेळा जेवताना ती आईच्या हातांकडे बघत असलेली प्रतिमाला दिसली होती. प्रतिमाने बघितलं की ती वरणात बोट बुडवी. सहा वर्षांचं मूल काय काय बाजूला ठेवून देतं ते कोणाला कळतं. प्रतिमालाही वाटायचं, विसरेल. आणि असं वाटून जो दिलासा मिळायचा त्याची तिला लगेच लाज वाटायची; आपल्याच लेकीच्या डोक्यातली ती मुकी फीत कधी तयार होते याची आपण वाट बघतोय, अशी.

आतून चादर सरकल्याचा आवाज आला, मग अनवाणी पावलं. मनू डोळे चोळत बाहेर आली, गालावर उशीच्या शिवणीचा वळ, एका हातात पोटाशी धरलेली उशी. प्रतिमाने कागद उलटा केला. मनूने त्याकडे बघितलंही नाही. ती येऊन मांडीवर चढली, जड, गरम, घामेजलेली, आणि आईच्या हनुवटीखाली डोकं खुपसून थोडा वेळ नुसती बसली. प्रतिमाने तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. दूध, मग फोटो, मग पाठवायचं, असं ती मनाशी म्हणत होती, आणि मांडीवरचं ते ओझं असंच राहावं, चार वाजूच नयेत, असंही.

"आई, प्रणीत आहे ना, तो माझी वेणी ओढतो," मनू म्हणाली. झोपेने आवाज जाड झाला होता. "बसमध्ये."

"मग तू काय करतेस?"

"सोड म्हणते. आमच्या मॅमनी सांगितलंय. एकदाच सोड म्हणायचं. एकदा म्हटलं की सोडायचंच असतं, नाही सोडलं तर त्याची चूक."

"बरोबर सांगितलंय मॅमनी."

"प्रणीतने सोडलं मग." मनूने उशीचा कोपरा तोंडात घातला, काढला. प्रतिमाचा उजवा हात उचलून तिने स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि एकेक बोट मोजल्यासारखं दाबत गेली. करंगळी, अनामिका, मधलं. "त्या टँकरवाल्या अंकलनी तीनदा बिडी म्हटलं. आणि मग एकदा आपल्यासारखं म्हटलं. सोडा." तिने चौथं बोट दाबून धरलं. "चार झाले."

खाली गेटवर कुठलासा टँकर मागे येत होता, आणि त्याचं इंजिन सहाव्या मजल्यावरही स्पष्ट ऐकू येत होतं. आणि त्या आवाजातूनही मनूचा बारका आवाज शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मनूने मान मागे टाकून तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. नवा नियम समजून घ्यावा तशी ती उत्सुक होती, आणि उत्तर मिळणारच याची तिला खात्री होती.

"मोठं झालं की किती वेळा म्हणायला लागतं, आई?"